गोलात बसल्यावर

ऐक,

वॉर्डातली आपली पहिली ड्यूटी संपल्यावर सरांनी वर्गाला गोलात बसवलं आणि सगळ्यांना बोलतं करायचं काम तुला दिलं. "ज्यानं त्यानं फक्त स्वतःचं सांगायचं," हा नियम तूच सांगितलास. माझी पाळी आली, ती मी पुढे ढकलली. तर म्हणालीस, "आपल्यातला एकजण पेशंट गेल्यावर जिन्यात बसून रडला. यातून आपण काय शिकलो?"

ते मी फक्त तुला सांगितलं होतं, तुझा हात धरून.

समोरून कुणीतरी म्हणालं, "रडूबाई कोण, कळलं." सर तुला म्हणाले, "छान घेतलंस सेशन." मी खुर्ची लाथाडून निघालो आणि कॉलेजच सोडलं. आई म्हणते, डोकं फिरलंय. फिरलंयच. तू नुसती दारापर्यंत आली असतीस, तरी मी परत येऊन बसलो असतो.

चिडलेला, पण तुझाच