वरीलची

१६ मार्च २०२३

चि. भाचीबाई,
अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. डोकं नाही.

मंगळवारी, १४ मार्चला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तू माझी बेचाळिसावी ओळ खोडलीस. संगणकावर वेळ उमटते, तेव्हा नाकबूल करू नकोस.

गुलामगिरी बंद झाली तेव्हा सोडलेल्या माणसांची ही नोंदवही. तुझ्या ग्रंथालयाने तिच्या पानांचे फोटो काढले आणि ती उतरवायला माझ्यासारख्या निवृत्त बायका फुकटात धरल्या. असो. एक्केचाळिसाव्या ओळीत एक बाई आहे, वय अंदाजे तीस. तिच्याखाली मुलगी, वय सहा. त्या मुलीच्या नावाच्या रकान्यात तू लिहिलंस, 'वची'.

वची! हे काय नाव झालं? अगं, ते 'व. ची' आहे. वरीलची. कारकुनाला पूर्ण लिहायचा कंटाळा, आणि फोटोत टिंब पुसट झालंय, एवढंच. सतराव्या ओळीत एका पुरुषाखालच्या मुलापुढे 'व. चा' आहे, टिंब चांगलं ठसठशीत. मग तो काय वचा? आमच्या कॉन्व्हेंटात मराठी बोललं की छडी मिळायची. त्यामुळे मराठीचं एक टिंबही मी वाया जाऊ देत नाही.

तू फोनवर म्हणालीस, "मावशी, तिच्याजवळ एवढं एक नाव आहे, तेही काढून घेतेस?" आणि फोन ठेवलास.

खरं आहे, नाव जातं. पण तिला आई मिळते ना! तुझ्या यादीत ते पोर एकटंच उभं आहे गं.

एवढी का चिडले, तेही सांगते. तुझी आई गेल्यावर चार महिने तू मला आई म्हणत होतीस. शाळेत नाव घालताना तिथल्या बाईंनी विचारलं, "ही तुमची का?" मी म्हटलं, "बहिणीची." खोटं नव्हतं. पण तू माझा हात सोडलास. घरी आल्यावर म्हणालीस, "मावशी, पाणी दे." मी पाणी दिलं. एरवी माझी जीभ कशी चालते ते तुला ठाऊक आहे. त्या दिवशी चालली नाही, आणि त्यानंतरही या बाबतीत कधीच नाही.

"माझी" म्हणायला हवं होतं.

तर, सोमवारी, २० मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं आहे. बेचाळिसावी ओळ दुरुस्त केलीस की नाही, स्पष्ट लिही. फोन चालणार नाही. आणि पत्राच्या सुरुवातीला मला काय म्हणायचं, ते तुझं तू ठरव. मी हरकत घेणार नाही.

तुझीच