बिनमसाल्याचा ट्राउट

तेजल,

फ्रीजच्या खालच्या खणात ताटलीखाली दोन ट्राउट मासे आहेत. तू आणले होतेस त्याच गंगापूर रोडच्या दुकानातून आणलेत. खवले काढावे लागत नाहीत म्हणाला दुकानदार.

रविवारी तू बटरवर भाजलेला मासा मला कच्चाच वाटला. न विचारता मी तो काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडला. तू चार घास खाऊन उठलीस. मला रागच आला, सुनेला माझ्या हातचं गोड लागत नाही म्हणून. काल राकेशने सांगितलं, तुझे पप्पा गेल्यानंतरचा तो त्यांचा पहिला वाढदिवस होता. काश्मीरला मिलिटरीत असताना ते हा मासा करायला शिकले आणि तुला करून घालायचे. अगं, तेव्हाच ओरडायचंस ना माझ्यावर!

लिंबू आणि बटर ओट्यावर आहे. मी विहारात जाते, सहापर्यंत येईन. घरी थांबले तर माझे हात शिवशिवतील. मसाल्याचा डबा माझ्या पिशवीत आहे, शोधत बसू नकोस.

दुसरा मासा माझ्यासाठी कर. पप्पा करायचे अगदी तसाच.

आई