ही शेवटची पाळी

३ मार्च
गर्भाशयात गाठी. फायब्रॉइड. कॅन्सर नाही. डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितले: रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, आत बसवायची हार्मोनची कॉइल, गाठींचा रक्तपुरवठा बंद करणं, नाहीतर पिशवीच काढणं. रक्त फार जात नसेल तर थांबलं तरी चालेल, पाळी गेली की गाठी बहुधा आटतात. किती जातं, त्यांनी विचारलं. म्हटलं, जरासं. थांबायचं ठरलं. झटपट निर्णय घ्यावा तर मीच.

१९ मार्च
पाळी. ही शेवटची, म्हणूनच एवढी जोरात. काळा स्कर्ट घातला. दुकानात शिलाई मशीनवरून उठलेच नाही. गिऱ्हाइकांची मापं धाकट्या जावेला घ्यायला लावली. तेवढंच तिला शिकायला मिळालं.

६ एप्रिल
पोटाचं माप वाढलंय. टेप जुनी होऊन आखडली असणार. नवी आणली. तीही आखडलेलीच निघाली. हल्ली मालात दम नाही.

२० एप्रिल
पाळी. ही धरायची नाही. दुकानाच्या जिन्यात धाप लागते. पायऱ्या फार उंच आहेत, अशी मालकाकडे तक्रार केली. म्हणाला, वीस वर्षं चढताय की. उद्धट माणूस.

१४ मे, दुपार
सारखा बर्फ चघळावासा वाटतो. ट्रे रिकामा. नवरा म्हणाला, डॉक्टरला सांग. म्हटलं, उकडतंय म्हणून खाते. सकाळी गारा पडल्यापासून तो स्वेटर घालून बसला होता. त्याची प्रकृतीच नाजूक.

५ जून
मे महिना कोरडा! गेली एकदाची! ऑपरेशनच्या हातावर तुरी देऊन सुटले. उरलेली पॅड जावेच्या मुलीला देऊन टाकली. स्वतःसाठी पांढरी पँट शिवायला घेतली.

१२ जून, हॉस्पिटल
काल डॉक्टरीणबाई माझ्याकडे शिवायला टाकलेल्या कोटाच्या ट्रायलला आल्या. खालची पट्टी टाचायला गुडघ्यावर बसले, ती उठलेच नाही. पांढऱ्या पँटबद्दल लिहीत नाही. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि कोटाच्या टाचण्यांसकट मला इथे आणलं. रक्त चढवलं. जावेने स्कर्ट, जिना, बर्फ, सगळं सांगून टाकलं. तिला मार्चपासून माहीत होतं.

डॉक्टरीणबाई रागावतील वाटलं होतं. त्या पलंगावर बसल्या आणि सगळे उपाय पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. मला रडू फुटलं. भीती वाटते हो, म्हटलं. पहिल्या दिवसापासून वाटते. यातला घाबरट बायकांसाठी कुठला असतो, विचारलं.

म्हणाल्या, सगळेच.