कप्तानाचे न धुतलेले मोजे

ओपलताईस, तुझ्या धाकट्या क्लेटसचा नमस्कार.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे. पायाची सूज उतरली. तुझ्या शेगडीचा धूर अजून घरात कोंडतो का?

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने सलग नऊ सामने जिंकले. नऊही सामन्यांत कप्तान रॉस्कोने तेच मोजे घातले, न धुता. संघाचे कपडे धुणारा मी. पोरांनी बजावलं होतं, "क्लेटसकाका, ह्यांना पाणी लागलं तर बघा." आणि ताई, मागच्या सोमवारी घाईत ते माझ्याकडून धुतले गेले. लगेच दोन सामने हरलो.

काल रॉस्कोने मोजे नाकाशी धरले. "काका, वास कुठे गेला?"

"थंडीने नाक चोंदलंय तुझं," मी म्हटलं.

"काकांनी वासालाही इस्त्री केली," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, रॉस्को हसला नाही. त्याचं हे शेवटचं वर्ष. शनिवारचा सामना बाद फेरीचा, हरलो तर त्याचा खेळ संपला.

खरं सांगावं की गप्प बसावं, हेच ठरत नाही. तोवर वास परत यावा म्हणून सामन्याच्या गावी, ह्या भाड्याच्या खोलीत ते मोजे मीच दिवसभर घालून बसतो. पावणेसात फुटी पोराचे मोजे, पण सूज उतरली म्हणालो ना, त्या पायाला घट्ट होतात.

सांगू का त्याला? शनिवारच्या आत दोन ओळी पाठव.