अर्ध्या जिन्याची काठी

कारभारणीस,

लेकीच्या उपचारांसाठी इथे आल्यापासून माझ्या हातून तीन वस्तू झाल्या: तिच्या खाटेवर बसेल असं जेवायचं मेज, न्हाणीघरात धरायला दांडा आणि तिला चालताना टेकायला काठी. तिन्हींना पॉलिश केलंय.

शेवटची केमो झाली. तपासणी चांगली आली. केस उगवताहेत, "बाबा, ते तुमच्या दाढीसारखे टोचतात" म्हणते. ताप नाही. तरी मी कपाळाला हात लावतो आणि बोलणी खातो. तुझे गुडघे कसे आहेत?

काठी कशाची केली ते ऐक. व्याही होता होता राहिलेल्यांच्या घरी मी गोल जिना करत होतो. प्रत्येक पायरी वेगळी, सगळी मापं एका सागवानी काठीवर खुणांनी. कागदावर रेघ नाही. लेकीचा आजार कळताच त्यांनी ठरलेलं लग्न मोडलं. जिना अर्धा राहिला, काठी मी उचलून आणली. इथे तिच्यावर रंधा मारला आणि सगळ्या खुणा उडवल्या.

आता ते शिडीने वर जातात. विहीणबाईंना शिडी चढवत नाही, त्या खालीच झोपतात म्हणे. झोपू देत.

काल व्याह्यांचा फोन आला. "मिस्त्री, जिन्याला दुसरं कोणी हात लावत नाही. झालं गेलं विसरा." मी फोन लेकीकडे दिला. ती म्हणाली, "काका, बाबांना सवड नाही. ते मला चालवताहेत."

औषधं वेळेवर घे.

तुझा,
हट्टी मिस्त्री

ता. क. उरलेल्या जिन्याचे ते चार लाख देत होते. मी नको म्हटलं.