भोंग्याविना सभा

मंगळवार, संध्याकाळ

"बाजारात दुकान मांडणाऱ्या बायांनो, आपण दिवसभर घोटभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही." भाषणाचं हे पहिलं वाक्य मी आठवडाभर घोटलं होतं. पण गावातले सगळे भोंगे मोठ्या पक्षाने मतदानापर्यंत आधीच भाड्याने घेऊन ठेवलेले. चॅनेलवाला आला, गर्दी बघितली आणि म्हणाला, "ताई, पैसे भरून बातमीचं पॅकेज घ्या, मग दाखवतो." मी अपक्ष, पॅकेज कुठून आणू? तो कॅमेरा आवरून गेला.

मी ओट्यावर चढून ओरडले. आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाईना. बोलण्याआधीच हरले की काय?

तेवढ्यात मिरच्या विकणारी शांताबाई उठली. "थांब वो ताई, मी सांगतो मांगं." माझं वाक्य ती मागच्यांना सांगे, त्या त्यांच्या मागच्यांना. मी म्हटलं, "बाजारात संडास बांधू." शेवटच्या रांगेत गर्जना झाली, "संडास बांधू, अन् दाराले आतून कडी लावू!"

कडी! कपाटभर पुस्तकं वाचली, पण कडी सुचली नाही.

"हे मी कुठं म्हटलं?" मी विचारलं.

"आमी म्हटलं ना! तू लिहून घेजो!"

सगळा बाजार हसला, मी तर डोळे पुसत हसले. घरी येईपर्यंत तेच, कडी, कडी. चॅनेलवर काही नाही. नसू दे. देवळी गावाला जाणाऱ्या बसमध्येही बाया तेच सांगत होत्या म्हणे.

तर बाई, आता डायरी मिटून उठ, आणि प्रचाराचं पत्रक छापायला जाण्याआधी पहिल्या ओळीत कडी लिही.