साधी गाठ

३ नोव्हेंबर, शिळफाटा
दुपारी लॅबमध्ये पोशीरची मंदा आली, नवऱ्याबरोबर. उजव्या कोपराखाली सुपारीएवढी गाठ, दुखरी. कर्जतच्या डॉ. क.ने नुसता हात लावून सांगितलं म्हणे, साधी गाठ आहे, थांबा. नवऱ्याला पटेना, म्हणून सुई टोचून तपासायला माझ्याकडे.
साधी गाठ. दादालाही त्याने हेच सांगितलं होतं. मांडीतली गाठ न तपासता कापली, तुकडा फेकून दिला. ती परत आली तेव्हा माझ्याच सुईत सार्कोमा निघाला. स्नायूंतला, क्वचित होणारा कॅन्सर. दादाला जाऊन वर्ष झालं.

४ नोव्हें.
मंदाची स्लाइड पाहिली. लांबट पेशी, भरपूर. मधे बुळबुळीत द्रव. दुभंगणाऱ्या पेशी जागोजागी, दादाच्या स्लाइडसारख्याच. आनंद झाला, इथे खोटं कशाला लिहू.
सापडलास, डॉ. क.
रिपोर्ट मनात लिहूनही झाला. मंदा तो घेऊन कर्जतभर फिरेल, त्याच्या दवाखान्याच्या पायरीवर बसेल.

५ नोव्हें.
सरांना फोटो पाठवले. ज्यांच्या हाताखाली शिकले ते, आता मुंबईत निवृत्त. त्यांनी एवढंच विचारलं, गाठ किती दिवसांची?
मंदाला फोन केला. भातकापणी लागली तेव्हा उठली म्हणाली. "लय भरभर वाढली बघा मॅडम." म्हणजे दोन-तीन आठवडे. सार्कोमा सहसा इतक्या भरभर वाढत नाही.
परत मायक्रोस्कोपला बसले. पेशी जाडजूड, पण केंद्रकं सगळी एकसारखी. वेडंवाकडं एकही नाही. नोड्युलर फॅसायटिस. दिसायला कॅन्सर, असते निरुपद्रवी. बऱ्याचदा आपली आपण विरते.
म्हणजे तो बरोबर. काहीही न तपासता बरोबर.

६ नोव्हें.
रिपोर्ट दिला नाही.
'संशयास्पद' एवढा एक शब्द टाकला तर मला कुणी चूक म्हणणार नाही. पुस्तकातही बसतं. डॉ. क.ची अब्रू जाईल. मंदाचं काय होईल? मुंबईत हाताचा मोठा लचका काढतील. उजवा हात.
नवऱ्याचे दोन फोन. उद्या देते म्हटलं.

७ नोव्हें.
लिहिला. फॅसायटिस वाटते, कापू नये, महिन्याने परत दाखवावी. सही करताना जीव जळला.
मंदा रडली. मग विचारते, विळा धरू का.

९ नोव्हें.
डॉ. क.चा फोन. रिपोर्ट पाहून खूश. "बघा मॅडम, मी आधीच सांगितलं होतं." यापुढे पेशंट तुमच्याकडेच पाठवतो म्हणाला.
मी दादाचं नाव घेतलं. त्याला आठवेना. गाव सांगितलं, मांडी सांगितली, तेव्हा आठवलं. म्हणाला, "तेव्हा तपासलं असतं तरी ते काय वाचणार होते?"
मी फोन ठेवला. दिवसभर धड काम झालं नाही. वाचला असता का दादा? सरांना विचारलं, ते म्हणाले शक्यता होती. शक्यता!

१२ नोव्हें.
चौकला गेले, वहिनीकडे. डॉ. क.वर तक्रार करायची, सही तुझी लागेल म्हटलं. वाटलं, लगेच करेल. ती वाल निवडत बसली होती. तिने विचारलं, तो अजून गाठी फेकूनच देतो का? मला माहीत नव्हतं.
"ते शोधून काढा आदी, ताई. नुसत्या रागापायी मी सही नाय करनार."
आणि फेकत असेल तर?
"मंग दोनदा करीन."

१३ नोव्हें.
सकाळीच डॉ. क.ला फोन लावला. नमस्कार वगैरे काही नाही. कापलेल्या गाठी तपासायला कुठे पाठवता, एवढंच विचारलं.
म्हणाला, पेशंट समोर आहे, नंतर करतो.
संध्याकाळ झाली. फोन नाही. उद्या कर्जतला त्याच्या दवाखान्यात जाऊन बसणार आहे.